नवी बॅटरीही उतरते तेव्हा: एका होंडा सिटी व्हीटेकची तपासणी

गाडी २००१ ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. हे इंजिन भारतात २००० साली आलं, १०६ अश्वशक्तीचं. २००३ मध्ये तिच्या जागी आलेली आय-डीएसआय सिटी ७७ अश्वशक्तीची निघाली, तेव्हा जुनीचं मोल चाहत्यांना खरं कळलं. ही गाडी माझ्या मामेभावाची आहे. कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती आठवडाभर झाकून उभी असते. भाऊ ऑफिसला स्कूटरवर जातो आणि शनिवारी पहाटे ही गाडी घेऊन ताम्हिणी नाहीतर वरंध घाट गाठतो. हौसेची गाडी म्हणतात ती अशी, आणि बॅटरीचे हाल सर्वांत जास्त होतात ते अशाच गाड्यांमध्ये.

रविवारी संध्याकाळी नीट चाललेली गाडी पुढच्या शनिवारी स्टार्ट होत नाही, ही त्याची तक्रार. चावी फिरवली की डॅशवरचे दिवे मंदावतात, आतून टक-टक-टक असा आवाज येतो आणि सेल्फ काही फिरत नाही. मधे बुधवारी-गुरुवारी पाहिलं तर गाडी चालू व्हायची, पण कुरकुरत. या कारणाने त्याची एक बॅटरी बदलून झाली होती. नवीही तशीच उतरायला लागली. दुकानात नेली तर त्यांनी रात्रभर चार्जिंगला लावून परत दिली, वर सांगितलं, "साहेब, बॅटरीत काही दोष नाही, गाडी चालवत जा." वॉरंटीत उतरलेली बॅटरी बदलून मिळत नाही, खराब झालेली मिळते. दुकानाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मग भावाचा मला फोन आला, "दादा, ३५ ची काढून ४५ अँपिअर-तासाची टाकू का?"

अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. मी त्याला सांगितलं, अरे, आता एक पैसाही खर्च करू नकोस. आधी मोजू.

या प्रकरणात मला आग्रहाने सांगायचंय ते एवढंच. उतरलेली बॅटरी हे लक्षण आहे. बॅटरीत किती येतं आणि तिच्यातून किती जातं याचा हिशेब लागल्याशिवाय नवी बॅटरी विकत घेणं म्हणजे रोग तसाच ठेवून ताप मोजायचं यंत्र बदलणं. आणि हा हिशेब घरच्या घरी मांडता येतो. साधा डिजिटल मल्टिमीटर, एक चांगला चार्जर, १० नंबरचा पाना आणि एक निवांत सकाळ एवढं पुरतं.

बॉनेट उघडून मीटर लावला तर बॅटरीवर ४.८ व्होल्ट दिसले. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. विश्रांती घेतलेली, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.५ ते १२.७ दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते आणि ११.८ ला जवळपास रिकामी. ४.८ म्हणजे कोणीतरी थेंबथेंब करत तळापर्यंत उपसलेली. हा आकडाच बोलका होता. बॅटरी नुसती म्हातारी झाली असती तर उभी असताना बारा-साडेबारा व्होल्ट दाखवून सेल्फ मारल्यावर कोसळली असती. इथे गाडी बंद असताना काहीतरी वीज ओढत होतं, हे अर्धं निदान तिथेच झालं.

भावाने तोवर वॉचमन आणि दोन पोरांना घेऊन धक्का मारून पाहिला होता. दुसरा गिअर, इग्निशन चालू, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. ही रीत बॅटरी थोडी कमी असताना उत्तम चालते. पण इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) या सगळ्यांना आधी वीज लागते, आणि सुरुवातीची वीज ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र) स्वतःच्या बळावर तयार करत नाही, त्यालाही बॅटरीचा थोडा आधार हवा असतो. पाच व्होल्टवर यातलं काहीच जागं होत नाही. शिवाय उगाच धक्के मारत राहिलं की न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाण्याची भीती असते. जुन्या अँबॅसिडरला हँडल मारून चालू करणारी माणसं अजून आहेत, पण तिथेही कॉइलला वीज लागायचीच.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जंप स्टार्टही करता आला असता. त्याचा क्रम सगळ्यांना पाठ असावा असं मला मनापासून वाटतं: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवर एखाद्या उघड्या, जाड धातूच्या भागावर, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती दूर करायची. काढताना क्रम उलटा. रस्त्यावर मिळणाऱ्या केबलींत प्लास्टिक जाड आणि तार बारीक असते, त्यावर गाडी चालू होत नाही, केबल मात्र गरम होते. बोटात अंगठी किंवा हातात कडं असेल तर आधी काढून ठेवायचं. पाना आणि अंगठी मिळून प्लसपासून बॉडीपर्यंत शॉर्ट झाला तर बोट भाजतं, आणि भलतंच भाजतं.

पण मी जंप दिला नाही. इतकी रिकामी बॅटरी जोडून इंजिन चालू केलं की ऑल्टरनेटरवर एकदम मोठा भार येतो. तो चार्ज टिकवण्यासाठी असतो, मेलेली बॅटरी भरण्यासाठी नसतो. "ताम्हिणीला एक फेरी मारली की होईल चार्ज" हा समज तर फारच पसरलाय. बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते, तासाभराच्या फेरीत ती कधीच पूर्ण भरत नाही. दर शनिवारी अर्धवट भरून पुन्हा तळाला गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात, आणि एकदा ते घट्ट झाले की तेवढी क्षमता कायमची जाते.

बॅटरी काढली, आधी मायनस आणि मग प्लस, आणि वर गॅलरीत नेली. प्लसच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचून क्लॅम्प जवळपास बुजला होता. ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुतली. सोडा लागताच फेस येतो, तो थांबेपर्यंत ओतत राहायचं, फक्त बुचं घट्ट बंद हवीत. शेवटी कोरडं करून पोल चकचकीत घासला.

आजकालचे 'स्मार्ट' चार्जर पाच व्होल्टच्या बॅटरीला बॅटरी मानतच नाहीत, लाल दिवा लावून गप्प बसतात. पुष्कळ लोक इथे बॅटरी मेली असं समजून भंगारात देतात. आम्ही चार्जर बंद ठेवून दुसरी चांगली बॅटरी थोडा वेळ समांतर जोडली, प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्टेज दहाच्या वर आल्यावर चार्जर लावला, मग त्याने काम सुरू केलं, आणि आधाराची बॅटरी काढून घेतली. दर क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. घाई केली की बॅटरी तापते आणि पाणी उडतं. जागा हवेशीर हवी, आणि आजूबाजूला देवघरातला दिवासुद्धा नको.

दुसऱ्या दिवशी चार्जर काढून बॅटरी काही तास तशीच ठेवली, मग मोजली. १२.४५ व्होल्ट. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही सेल पाहिले. पाच ठिकाणी १.२४० च्या जवळ, एका सेलमध्ये १.२१०. इंटरनेटवरचे तक्ते थंड देशांचे असतात, त्यांत पूर्ण चार्जला १.२६५ ते १.२८० लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी बनवलेल्या बॅटरीत आम्ल मुद्दाम सौम्य भरलेलं असतं, तिथे १.२४० म्हणजे भरलेलीच. तो एक सेल मात्र मागे पडलाय, ही नोंद करून ठेवली. सेलांमध्ये ०.०५० चा फरक आला तर बॅटरी गेली समजावं, इथे ०.०३० होता. वारंवार उपसण्याची ती किंमत.

बॅटरी बसवली, गाडी चालू केली. आता आवक तपासायची. इंजिन निष्क्रिय गतीवर, म्हणजे आयडलिंगला असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मीटर काही सेकंद १४.३ दाखवून १२.७ वर उतरला. भावाचा चेहराही उतरला, "दादा, ऑल्टरनेटर गेला का?" गेला नव्हता. त्या काळच्या अनेक होंडांमध्ये विजेचा भार मोजणारा एक सेन्सर असतो, आणि भार कमी असला की ईसीयू इंधन वाचवण्यासाठी ऑल्टरनेटरला मुद्दाम कमी व्होल्टवर ठेवतो. हेडलाइट आणि ब्लोअर चालू केल्याबरोबर मीटर १४.२ वर गेला आणि तिथेच राहिला. हे माहीत नसल्यामुळे किती चांगले ऑल्टरनेटर नाना पेठेतून आणलेल्या जुन्या ऑल्टरनेटरने बदलले गेले असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं. होंडाचा ऑल्टरनेटर मोजायचा असेल तर दिवे लावूनच मोजावा.

अर्थिंगही पाहिली. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये मीटर धरला तर अर्ध्या व्होल्टच्या वर फरक आला, तो पाव व्होल्टच्या आत हवा. बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. घासून पुन्हा आवळला. बॅटरी उतरण्याशी याचा संबंध नव्हता, पण निम्म्या बॅटरीवर सेल्फ कुरकुरण्यात याचा वाटा होता.

आता मुख्य काम. बंद गाडी किती वीज ओढते?

मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून तो मायनस पोल आणि मायनस केबल यांच्या मध्ये मालिकेत जोडायचा. जोडणी मीटरमधून आधी करायची आणि मगच क्लॅम्प उचलायचा, म्हणजे गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटत नाही आणि झोपलेली यंत्रणा दचकून जागी होत नाही. दार उघडं ठेवावं लागतं, कारण फ्यूज बॉक्स आत आहे. म्हणून दाराचा स्विच दाबून ठेवून गाडीला ते बंद आहे असं भासवायचं, नाहीतर आतला दिवा लागून राहतो आणि आपण त्यालाच चोर समजतो. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. आणि काम झालं की मीटरची लाल तार लगेच व्होल्टच्या खाचेत परत. १० अँपिअरच्या खाचेत ती राहिली आणि तशीच बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो.

सुरुवातीला आकडा अँपिअरच्या वर होता, मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला आणि ०.२४ वर स्थिरावला. मधूनच तो क्षणभर ०.३० च्या पुढे उडी घ्यायचा आणि परत यायचा. या वयाच्या गाडीला ०.०२ ते ०.०५ पुरेसे असतात: घड्याळ, रेडिओची मेमरी, ईसीयूची मेमरी. ०.२४ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला पावणेसहा अँपिअर-तास. सहा दिवसांत साडेचौतीस. बॅटरी ३५ ची. रविवार ते शनिवार. भावाने हा गुणाकार स्वतः फोनवर करून पाहिला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. ४५ ची बॅटरी टाकली असती तर ती शनिवारऐवजी सोमवारी तळाला गेली असती, एवढाच फरक.

संशय सगळ्यांचा म्युझिक सिस्टीमच्या ॲम्प्लिफायरवर होता. डिकीत बसवलेला, बॅटरीवरून थेट जाड तार घेतलेला, दिसायलाच खादाड. ऑडिओवाल्या मित्राने तर न पाहताच निकाल दिला होता. पण फ्यूज एकेक करून उपटायची मला सवय नाही. फ्यूज काढून घातला की त्यावरची यंत्रणा पुन्हा जागी होते आणि आकडे गढूळ होतात. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन बारीक उघड्या टोकांवर टेकवायचा. फ्यूजला स्वतःचा किंचित रोध असतो, त्यातून वीज वाहत असेल तर टोकांमध्ये नगण्य का होईना फरक दिसतो. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिअँपिअर. ज्यातून काहीच वाहत नाही तिथे शून्य. ॲम्प्लिफायरच्या फ्यूजवर शून्य आलं. बिचारा निर्दोष होता.

डॅशखालच्या पेटीत घड्याळ-रेडिओच्या मेमरीचा जो कायम चालू असणारा फ्यूज आहे, त्यावर एक फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजवरूनच जास्तीची तार काढायची जोडणी, बसवलेला सापडला. त्याच्या तारेवर इन्सुलेशन टेपची गुंडाळी, आणि पुढे कव्हरच्या मागे बारा व्होल्टचे पाच करणारं एक छोटं काळं अडॅप्टर. हात लावला तर कोमट. बंद गाडीत, दिवसभर कोणी न शिवलेली वस्तू कोमट असेल तर तिथे वीज जळतेय. ते डॅशकॅमचं होतं. कॅमेऱ्याचा पडदा काळा होता, पण तो झोपला नव्हता, पार्किंगमध्ये कोणी ठोकलं तर चित्रण सुरू करायला टक्क जागा होता. टॅप काढला, मीटर ०.२४ वरून ०.०७ वर.

उरलेलं ते मधूनच उड्या मारणारं काहीतरी. तशी उडी मोबाइलचं सिम असलेलं उपकरण घेतं, स्वतःची जागा कळवताना. इग्निशन स्विचच्या मागे, मूळ तार सोलून त्यावर वळवलेला जीपीएस ट्रॅकर निघाला. तो सोडवल्यावर ०.०२. गाडीची स्वतःची गरज तेवढीच होती. म्हणजे कॅमेरा १७० मिलिअँपिअर, ट्रॅकर ५०, गाडी २०. दोन्ही वस्तू भावानेच हौसेने बसवून घेतल्या होत्या, बसवणाऱ्याने त्या चालूही नीट करून दिल्या होत्या. गाडी सहा दिवस उभी राहणार आहे, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं.

पुढचे निर्णय मोजण्याइतके सोपे नव्हते. कॅमेऱ्याचं आम्ही लगेच ठरवलं: चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवर तो हलवला. पार्किंगमधलं चित्रण गेलं, पण सोसायटीचा सीसीटीव्ही त्याच कोपऱ्यावर आहे. ज्यांना ते हवंच असेल त्यांनी व्होल्टेज पाहून स्वतः बंद होणारं, गाडीच्या तारांना थेट जोडायचं हार्डवायर किट घ्यावं आणि त्याची मर्यादा १२.२ च्या खाली ठेवू नये. काही किटांत ११.८ चा पर्याय असतो. तोवर बॅटरी संपलेलीच असते, मग ते बंद होऊन उपयोग काय?

ट्रॅकर काढायला भाऊ तयार नव्हता, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं. चांगल्या स्थितीतली व्हीटेक चोरीला गेली तर तशी दुसरी पैसे देऊनही मिळत नाही. ट्रॅकर ठेवला तर दिवसाला १.७ अँपिअर-तास जातात, आठवड्याच्या सहा दिवसांत दहा. शनिवारची घाटाची फेरी दोन-अडीच तासांची असते, तेवढ्यात हे भरून निघतं. आता फक्त त्याची जोडणी नीट फ्यूज घालून, सोल्डर करून दिली. सोललेल्या तारेवर नुसती टेप गुंडाळणं हा आग लागण्याचा रस्ता आहे, आणि यात मी कोणालाही सूट द्यायला तयार नाही.

पण गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल, म्हणजे धो-धो पावसात किंवा भाऊ परगावी असताना, तेव्हा ०.०७ सुद्धा जास्त होतात: दहा दिवसांत निम्मी बॅटरी. शिवाय बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरत असते, आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. पार्किंगमध्ये सॉकेट असतं तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर चार्जर कायम लावून ठेवणं सर्वांत उत्तम, पण सोसायटीच्या कमिटीकडे तो अर्ज अजून पडूनच आहे. म्हणून मायनस पोलवर पितळेचा कट-ऑफ लावला, गोल मूठ फिरवली की पुरवठा बंद. घेताना एक बघायचं. या जपानी मापाच्या छोट्या बॅटरीचे पोल बारीक असतात, आणि बाजारातले बहुतेक कट-ऑफ जाड पोलसाठी असतात. ते पत्र्याची चकती कोंबून आवळले तर महिन्याभरात सैल होतात आणि गाडी घाटात बंद पडते. बारीक पोलचा मागूनच घ्यावा. कट-ऑफ फिरवल्यावर ट्रॅकर स्वतःच्या आतल्या छोट्या सेलवर थोडा काळ तग धरतो, नंतर तोही गप्प होतो, हे भावाने मान्य करून घेतलंय.

कट-ऑफचा एक परिणाम सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी घाबरून गॅरेज गाठेल. पुरवठा तोडून जोडला की ईसीयूने शिकलेली निष्क्रिय गती पुसली जाते आणि इंजिन थोडं खाली-वर करतं. एसी, दिवे सगळं बंद ठेवून इंजिन गरम होऊन रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत चालू द्यावं, मग पाचेक मिनिटं पाय न लावता तसंच राहू द्यावं. गती पुन्हा बसते. काही गाड्यांच्या मूळ स्टिरिओला कोड मागायची सवय असते. तो कागद हातात असल्याशिवाय मायनस काढूच नये.

बॅटरी आम्ही बदलली नाही. सेल्फ मारताना तिचं व्होल्टेज १०.१ च्या खाली गेलं नाही, आणि ९.६ च्या वर राहते तोवर तिच्यात काम करण्याइतका जीव असतो. तो मागे पडलेला सेल मात्र लक्षात आहे. एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीचं नुकसान होतं आणि ते उघडं पडतं डिसेंबरच्या थंड पहाटे, म्हणून पावसाळा सरल्यावर हायड्रोमीटर पुन्हा लावायचा असं ठरलंय. फरक वाढलेला दिसला तर नवी घ्यायची, त्याच ३५ च्या मापाची. दुकानात मात्र आधी उत्पादनाचा महिना पाहायचा आणि काउंटरवरच मीटर लावायचा. १२.४ च्या खाली दाखवणारी, कित्येक महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी दुकानदाराने नवी म्हणून पुढे केली तरी नको म्हणायचं आणि आतून दुसरी काढून आणायला सांगायचं.